घरच्या घरी 'रोसिनी' : रीत व्हेनिसची, फळे साताऱ्याची

फलटण : दोन भाग थंडगार फेसाळ वाइन आणि एक भाग ताज्या फळाचा गर, एवढ्याच भांडवलावर इटलीतील व्हेनिस शहराने जगाला एक पेय दिले. त्याचे मूळ नाव 'बेलिनी'. पांढऱ्या पीच फळाऐवजी स्ट्रॉबेरी वापरली की त्याची 'रोसिनी' होते आणि डाळिंबाचा रस वापरला की 'तिंतोरेत्तो'. यांपैकी पीच आपल्याकडे पिकत नाही. उरलेली दोन्ही फळे मात्र सातारा जिल्ह्याच्या दोन टोकांना पिकतात. वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर स्ट्रॉबेरी येते, तर जेमतेम पाचशे मिलिमीटरवर भागवणाऱ्या फलटण-माणच्या माळरानावर डाळिंब. त्यामुळे फलटणच्या घरात हे पेय करताना कोणताही परदेशी डबा उघडण्याचे कारण नाही.

हा मुद्दा केवळ काटकसरीचा नाही. व्हेनिसच्या 'हॅरीज बार'चे संस्थापक जुझेप्पे चिप्रियानी यांनी १९४८ मध्ये बेलिनी तयार केली, असे सामान्यतः मानले जाते. त्यांचे हे मद्यगृह १९३१ पासून चालू होते आणि २००१ मध्ये इटलीच्या सांस्कृतिक खात्याने त्याला राष्ट्रीय महत्त्वाचे स्थळ म्हणून मान्यता दिली. पेयाची गुलाबी झाक पंधराव्या शतकातील चित्रकार जोव्हानी बेलिनी यांच्या चित्रांतील रंगाची आठवण करून देई, म्हणून त्यांचेच नाव त्याला मिळाले. सुरुवातीची अनेक वर्षे ही बेलिनी फक्त पांढऱ्या पीचच्या हंगामात मिळत असे. हंगाम सरला की पेय बंद. पुढे जगभर ती डबाबंद गरापासून आणि इसेन्स घातलेल्या पाकापासून बारमाही होऊ लागली आणि तिची चव गेली. तेव्हा व्हेनिसचे अनुकरण करायचे, तर त्यांच्या फळाचे नव्हे, त्यांच्या नियमाचे करावे : जे जवळ पिकते ते, आणि पिकते तेव्हाच.

बाटली कोणती घ्यावी?

मूळ कृतीत 'प्रोसेको' ही वाइन असते. इटलीच्या ईशान्येकडील व्हेनेतो आणि फ्रिउली या भागांत 'ग्लेरा' जातीच्या द्राक्षांपासून ती होते. २००९ पर्यंत द्राक्षाच्या जातीलाही प्रोसेको असेच म्हणत. त्या वर्षी नियम बदलून द्राक्षाला ग्लेरा हे जुने नाव दिले गेले आणि प्रोसेको हे नाव त्या प्रदेशापुरते राखून ठेवले गेले. आपल्याकडील वाचकांना 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी'ला २०१० मध्ये आणि 'सोलापूर डाळिंबा'ला २०१६ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन माहीत आहेच; प्रकार तोच.

प्रोसेकोचा फेस बहुतांशी पोलादी टाकीत तयार होतो. वाइन बंद टाकीत दुसऱ्यांदा आंबवली जाते आणि तयार होणारा वायू बाहेर न पडता तिच्यातच विरघळतो. शॅम्पेनमध्ये हेच काम एकेका बाटलीत होते. त्याला वेळ आणि खर्च दोन्ही अधिक लागतात. बाटलीत मुरलेल्या वाइनला पावासारखा, यीस्टचा गंध येतो आणि तो नाजूक फळावर मात करतो. टाकीतली वाइन हलकी आणि फळाच्या वासाची असते. म्हणूनच या पेयात महागडी शॅम्पेन ओतणे हा पैशांचा अपव्ययच म्हणावा लागेल.

आयात बाटलीवर वर्षानुवर्षे दीडशे टक्के शुल्क लागत आल्याने इटलीत रोजच्या वापरातली असलेली प्रोसेको येथे चैनीची वस्तू ठरते. शिवाय तालुक्याच्या गावी ती मिळेलच याची खात्री नाही. महाराष्ट्रात मात्र फेसाळ वाइनची परंपरा चाळीसएक वर्षांची आहे. शामराव चौगुले यांच्या 'इंडेज'ने नारायणगाव येथे १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रसाहाय्याने ती सुरू केली आणि 'ओमर खय्याम' या नावाने परदेशी बाजारात पाठवली. तो उद्योग पुढे आर्थिक अडचणीत सापडून मोडला. तोवर राज्याच्या २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाचा आधार घेऊन नाशिक परिसरात नवे उत्पादक उभे राहिले होते. 'सुला'ची ब्रूट त्यातूनच घरोघरी परिचित झाली, आणि २०१३ मध्ये 'शाँदों'ने दिंडोरीची बाटली बाजारात आणली.

फलटणकरांना त्याहून जवळचा पर्याय आहे. पंढरपूर रस्त्याने नातेपुते, माळशिरस गाठून अकलूजकडे वळले की 'फ्रातेल्ली'च्या द्राक्षबागा लागतात. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा तीन जोड्यांनी मिळून हा उद्योग उभा केला आणि टस्कनीचे पिएरो मासी यांनी त्याच्या वाइन घडवल्या. उसाच्या पट्ट्यात इटालियन माणसाने द्राक्षे लावून घ्यावीत, ही गोष्ट एके काळी कोणाला खरी वाटली नसती. या घराण्याच्या फेसाळ बाटल्याही मिळतात. प्रोसेको म्हणून त्या विकल्या जात नाहीत आणि द्राक्षही वेगळे, पण फळाचा गर मिसळल्यावर हा फरक फारसा उरत नाही.

दुकानात एकच शब्द शोधावा : 'ब्रूट'. अशा वाइनमध्ये लिटरमागे जास्तीत जास्त १२ ग्रॅम साखर असते. 'एक्स्ट्रा ड्राय' हे नाव फसवे आहे. ती ब्रूटपेक्षा गोड असते. 'डेमी-सेक' तर ३२ ग्रॅमच्या पुढे जाते. गराची गोडी वरून येणारच असल्याने मूळ वाइन कोरडीच हवी. खरेदी परवानाधारक दुकानातूनच करावी. राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि वय, परवाना व ड्राय डे यांचे नियम वाइनच्या गिऱ्हाइकानेही माहीत करून घ्यावेत.

पुरणयंत्राचा उपयोग

डिसेंबर ते मार्च हा स्ट्रॉबेरीचा भर. पेयासाठी मोठी, देखणी, पेटीत रचलेली फळे घेण्याची गरज नाही. लहान, वेडीवाकडी पण देठापर्यंत लाल झालेली फळे गरासाठी अधिक चांगली, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनेही तीच आधी विकली जाण्याची निकड असते, कारण पिकलेली स्ट्रॉबेरी दोन दिवसही तग धरत नाही. देठाजवळ पांढरी राहिलेली फळे टाळावीत. तोडल्यानंतर स्ट्रॉबेरी रंग धरते, पण गोडी वाढत नाही.

एका बाटलीत ७५० मिलिलिटर वाइन असते. प्रत्येक पेल्यात १०० मिलिलिटर वाइन आणि ५० मिलिलिटर गर या हिशेबाने सात पेले होतात. त्यासाठी साधारण अर्धा किलो स्ट्रॉबेरी पुरते. फळे देठासकट धुवावीत आणि मग देठ काढावेत. उलट केल्यास पाणी आत शिरते आणि गर पचपचीत होतो.

यापुढची पायरी निर्णायक आहे. मिक्सरच्या वेगवान पात्यांमुळे गरात हवा कोंडली जाते, रंग फिकट पडतो आणि वाइन ओतताच पेल्यात फेसाचा डोंगर उभा राहतो. इटालियन स्वयंपाकघरात गर काढण्यासाठी हाताने फिरवायची दांड्याची चाळणी असते. आपल्या फडताळात होळीची वाट पाहत पडून असलेले पुरणयंत्र म्हणजे नेमके तेच साधन! बारीक जाळी लावून फळे त्यातून फिरवावीत. पुरणयंत्र नसल्यास पुरणाच्या चाळणीवर वाटीच्या बुडाने दाबून गर गाळावा. त्यात अर्धा चमचा लिंबाचा रस आणि फळ आंबट असल्यासच चमचाभर पिठीसाखर घालावी. भांडे झाकून किमान दोन तास शीतकपाटात ठेवावे. कोमट गरावर थंड वाइन ओतल्यास फेस उतू जातो आणि वायूही निघून जातो.

डाळिंबाचे तंत्र वेगळे. येथेही मिक्सर वर्ज्यच, पण कारण निराळे : दाण्यातील बी फुटले की रस तुरट-कडवट होतो. दाणे स्वच्छ मलमलीच्या फडक्यात बांधून पिळावेत किंवा चाळणीवर हलक्या हाताने दाबावेत. पांढऱ्या पापुद्र्याचा एकही तुकडा राहू देऊ नये. मध्यम आकाराच्या फळातून ८० ते १०० मिलिलिटर रस मिळतो. हा रस पातळ आणि तीव्र असल्याने प्रमाण एकास तीन ठेवावे व पेल्यामागे अर्धा चमचा साखरेचा पाक घालावा. 'भगवा' वाणाचा रस रंगाला सर्वांत गडद उतरतो. तिंतोरेत्तो हे सोळाव्या शतकातील व्हेनिसच्या चित्रकाराचे टोपणनाव. त्याचे वडील कापड रंगवणारे, म्हणून त्या शब्दाचा अर्थ 'छोटा रंगारी'. डाळिंबाचे डाग ज्यांनी शर्टावरून काढून पाहिले आहेत, त्यांना हे नाव किती समर्पक आहे ते वेगळे सांगायला नको. मृग बहाराची फळे हिवाळ्यात आणि हस्त बहाराची उन्हाळ्याच्या तोंडावर येत असल्याने, स्ट्रॉबेरी संपली तरी हे पेय एप्रिलपर्यंत करता येते.

बाटली उघडताना

फेसाळ वाइनच्या बाटलीतील दाब मोटारीच्या चाकातील हवेपेक्षा दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असतो. उन्हाळ्यात फलटणचा पारा चाळिशी गाठतो; तेव्हा बाहेर राहिलेली बाटली उघडण्याचे धाडस करूच नये. ६ ते ८ अंश सेल्सिअस हे तिचे योग्य तापमान. त्यासाठी ती चार तास शीतकपाटात आडवी ठेवावी. वीज गेली असेल, तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर खडे मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवावी. अर्ध्या तासात काम होते. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचे पाणी अधिक लवकर गार करते. फ्रीझरमध्ये मात्र बाटली विसरू नये, ती फुटते.

तारेची जाळी सैल केल्यापासून बुचावरचा अंगठा काढू नये. बाटली तिरपी धरावी, तोंड माणसांपासून आणि खिडकीपासून दूर असावे. बूच घट्ट धरून बाटली फिरवावी, बूच नव्हे. सुस्काऱ्याएवढा आवाज आला तर कृती जमली. चित्रपटातला मोठा 'फट्' आवाज म्हणजे वायूबरोबर पैसेही गेले.

प्रत्येक पेल्यात आधी गर घालावा. त्यावर दोन बोटे वाइन ओतून थांबावे. फेस बसला की लांब दांड्याच्या चमच्याने तळातून एकदाच वर आणावे आणि उरलेली वाइन पेल्याच्या कडेने सोडावी. बर्फ घालू नये, तो वितळून चव पातळ करतो. उंच, निमुळते पेले नसल्यास सरबताचे साधे काचेचे पेले चालतात. व्हेनिसमध्येही बेलिनी आखूड, सरळ पेल्यातच देतात. जोडीला खारे दाणे किंवा भाजलेला पापड असला की पुरे. चकली-शेवेसारखे तिखट पदार्थ फळाचा वास मारतात.

हे पेय सरबतासारखे लागते, आणि धोका तेथेच आहे. १०० मिलिलिटर वाइनमध्ये साधारण ९ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. फळाच्या गोडीत तो जिभेला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मद्याची कोणतीही मात्रा पूर्णतः निर्धोक नसल्याचे स्पष्ट केले. पेय घेणाऱ्याने त्यानंतर वाहन चालवू नये. गर्भवतींनी आणि नियमित औषधे घेणाऱ्यांनी ते टाळावे. घरात न पिणारी माणसे असतातच. त्यांच्यासाठी त्याच गरावर वाइनऐवजी थंड सोडा, लिंबाचा रस आणि चिमूटभर सैंधव घालावे. दोन्ही पेले दिसायला सारखेच असतात, म्हणून ट्रे वेगळे ठेवावेत, विशेषतः घरात मुले असतील तर.

बाटली उरल्यास तिच्या तोंडात चांदीचा चमचा उभा करून ठेवला की वायू टिकतो, ही समजूत खोटी आहे. दाबाचे झाकण लावून बाटली शीतकपाटात ठेवली, तर दुसऱ्या दिवशीपर्यंत फेस राहतो. उरलेला गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून पिशवीत भरावा. दोन-तीन महिने तो टिकतो. मात्र पेयासाठी काढताना आदल्या रात्री शीतकपाटात वितळू द्यावा आणि पुन्हा एकदा गाळून घ्यावा.