किर्लोस्करांचे बिऱ्हाड आणि घर

कालिदासाच्या उज्जयिनीत, माधवनगरात राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना किर्लोस्कर नाटक मंडळीविषयी अंमळ अधिक जिव्हाळा वाटतो. कारण तिचा आरंभच ‘शाकुंतला’ने झाला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात त्या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा अण्णासाहेब किर्लोस्कर सरकारी कचेरीत नोकरीला होते. १८८५ मध्ये अण्णासाहेब गेले, १९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकर. तरीही मंडळी गावोगाव बिऱ्हाड थाटीत व मोडीत, परक्या रंगमंचांवर गात टिकून राहिली. १९०९ मध्ये तिने पुण्यात स्वतःचे किर्लोस्कर नाट्यगृह उभारले. नाटकवाल्यांना लोक ओसरीही देताना बिचकत, त्या काळी ही केवढी प्रतिष्ठा! पण १९११ मध्ये नानासाहेब जोगळेकर निवर्तले आणि १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. आमच्या मते मंडळीचे खरे घर तेव्हाच मोडले. पुढे मास्टर दीनानाथांचा तेजस्वी गळा लाभला, तोही १९१८ मध्ये बलवंत संगीत मंडळीकडे गेला. नाट्यगृहही मंडळीच्या हाती राहिले नाही. कालांतराने त्याचे वसंत टॉकीज झाले.