इंदूरची तार आणि १८५७

इंदूरच्या मराठी मंडळींत १ जुलै १८५७ चा विषय निघाला की गाडी हमखास एकाच प्रश्नावर येऊन थांबते. महाराजांना ठाऊक होते की नव्हते? दुसरे तुकोजीराव होळकर तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचे होते. रेसिडेन्सीवर गोळे पडले ते त्यांच्याच तोफांचे, आणि त्या तोफा तिथे नेऊन ठेवल्या होत्या त्या रेसिडेन्सीच्याच रक्षणासाठी. या प्रश्नावर आजवर भरपूर शाई खर्च झाली आहे. मला त्याच्या आधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: त्या दिवसांत कोणाला काय, कधी आणि कोणत्या वाटेने कळत होते? माझा पेशा अभियंत्याचा, म्हणूनही असेल, पण माणसांच्या मनात शिरण्याआधी मला तारांचा नकाशा पाहावासा वाटतो.

हिंदुस्थानातली विजेची तार हे विल्यम ओशॉनेसी या माणसाचे काम. हा मुळात डॉक्टर, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक. (युरोपातल्या वैद्यकाला आपल्याकडच्या गांजाचे औषधी गुण सांगितले तेही याच गृहस्थाने.) १८३९ मध्ये त्याने कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले, पण सरकारने लक्ष दिले नाही. पुढे डलहौसीच्या काळात कलकत्ता-डायमंड हार्बर ही छोटी लाइन यशस्वी झाली आणि मग एकदम घाई सुटली. नोव्हेंबर १८५३ मध्ये सुरू केलेली कलकत्ता-आग्रा तार मार्च १८५४ मध्ये चालू झाली. आग्र्याहून एक फाटा दिल्लीमार्गे पंजाबकडे गेला आणि दुसरा ग्वाल्हेर-इंदूरमार्गे, साधारण आग्रा-मुंबई रस्त्याच्या अंगाने, मुंबईला. मुंबईहून पुढे मद्रास. फेब्रुवारी १८५५ मध्ये ही सोय सर्वसामान्यांना खुली झाली. दर असा की चारशे मैलांपर्यंत सोळा शब्दांना एक रुपया, आणि त्या सोळांत पत्ताही धरायचा. इंदूर-मुंबई अंतर चारशे मैलांच्या आतले, म्हणजे एका रुपयात निरोप पोहोचे. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जायची, त्यामुळे मुंबईचा भाव त्याच दिवशी कळणे म्हणजे काय, हे सराफ्यातल्या पेढीवाल्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता नकाशा नीट पाहा. कलकत्ता-मद्रास ही पूर्व किनाऱ्याची तार १८५७ मध्ये अजून पुरी व्हायची होती. त्यामुळे कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल आणि मुंबईचा गव्हर्नर यांच्यामधली तार फक्त एक, आणि ती आग्रा, ग्वाल्हेर, इंदूर अशी ओवलेली. आमच्या धंद्यात याला एकेरी साखळी म्हणता येईल. एक कडी तुटली की पलीकडचे सगळे गेले, वळसा घालायला दुसरी वाट नाही. शिवाय विजेचा जोर लांबवर टिकत नसल्याने निरोप मधल्या तारघरांत उतरवून घेऊन पुढे पाठवावे लागत. सुईचे डावे-उजवे हेलकावे पाहून अक्षरे ओळखायची आणि कागदावर उतरवायची. म्हणजे साहेबांची गुप्त तारसुद्धा, सांकेतिक भाषेत नसेल तर, वाटेतल्या तारबाबूंच्या डोळ्यांखालून जायचीच.

मे महिन्यात या साखळीने इंग्रजांना फार मोठा हात दिला. १० मेच्या संध्याकाळी मीरतला उठाव झाला तेव्हा तार तुटण्याआधी आग्र्याला पोहोचलेला निरोप सरकारी नव्हता, खासगी होता. मीरतच्या पोस्टमास्तरांच्या घरातल्या बाईने आग्र्याच्या आपल्या नातलग बाईला ‘इकडे येऊ नका’ अशा अर्थाचा तो पाठवला होता. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या तारघरातून ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन या दोन पोरसवदा तारबाबूंनी अंबाल्याला खबर दिली आणि ते तिथून निसटले. त्यांचा वरिष्ठ टॉड सकाळी यमुनेकडे तार तपासायला गेला होता, तो परतलाच नाही. मुंबईच्या लॉर्ड एल्फिन्स्टनला बातमी मिळाली ती आग्र्याहून, आपल्या इंदूरवरूनच. तारेने हिंदुस्थान वाचवला असे इंग्रज पुढे वर्षानुवर्षे म्हणत राहिले. पंजाबपुरते ते बरेचसे खरे असेल. इंदूरपुरते मला ते पटत नाही.

इंदूरच्या रेसिडेन्सीत तेव्हा कर्नल हेन्री मॅरियन ड्युरंड होता. (अफगाण सीमेवरची ड्युरंड रेषा याची नव्हे, याच्या मुलाची. घोटाळा नेहमी होतो.) रॉबर्ट हॅमिल्टन रजेवर गेल्याने तो त्या एप्रिलपासून हंगामी एजंट. रेसिडेन्सीपासून राजवाडा दोन-एक मैलांवर. पण जूनभर ड्युरंडचे सगळे लक्ष तारेच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे मुंबईला लागलेले दिसते. नसिराबाद, नीमच, झाशी अशा एकेक छावण्या उठत होत्या. १४ जूनला ग्वाल्हेरची कंटिन्जंट फौज उठली आणि उत्तरेकडची कडी तुटली. उरली फक्त इंदूर-मुंबई तार. तिच्यावरून ड्युरंड एकच धोशा लावून बसला होता: जनरल वुडबर्नची फौज ताबडतोब महूला पाठवा. वुडबर्न औरंगाबादला निजामाच्या कंटिन्जंटमधल्या घोडेस्वारांचा बंदोबस्त करत अडकून पडला होता. जूनच्या अखेरीस एल्फिन्स्टनने तारेने विचारले की ही फौज पुढे येऊ शकली नाही, तर इंदुरात काय परिणाम होईल? ड्युरंडचे उत्तर असे की हे इथे कळले, तर मी तासाभराचीही हमी देऊ शकत नाही.

हा सवाल-जवाब मला पुन्हा पुन्हा विचारात पाडतो. दोन साहेब साडेतीनशे मैलांवरून होळकरांच्या दरबाराच्या मनाचा अंदाज बांधत आहेत. जो माणूस खरे उत्तर देऊ शकला असता, तो घोड्यावरून अर्ध्या तासाच्या आत गाठता आला असता. आधीचे रेसिडेंट दरबाराशी बोलल्यावाचून राहूच शकत नसत, कारण मुंबई-कलकत्त्याचे उत्तर यायला कित्येक दिवस लागत आणि तोवर निभावून न्यायचे ते दरबाराच्याच भरवशावर. तार आल्यावर ती गरज कमी झाली. हा दोष यंत्राचा नाही, हे कबूल. ड्युरंडचा स्वभावही मुळात ताठर. पण त्या ताठरपणाला तारेने सोय करून दिली, हे माझे मत आहे.

१ जुलैच्या सकाळी आठच्या सुमारास आग्र्याहून कासिदाने आणलेल्या पत्राचा सारांश ड्युरंड मुंबईला तारेने कळवण्याच्या तयारीत होता, असे इंग्रजी इतिहासांतून येते. तेवढ्यात गलका झाला. सआदत खान आणि त्याचे साथीदार रेसिडेन्सीवर चालून आले आणि तोफा सुटल्या. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ते आग्र्याचे पत्र बंडाळीच्या मुलुखातून, कित्येक दिवस चालून, पायी माणसाने आणले होते. तार तुटल्यावरही ही जुनी वाट चालू होती, कारण कासिदाला एका रस्त्याचे बंधन नाही. घाट बंद असला तर तो उतार शोधतो, गाव उठले असले तर रानातून जातो. त्या दुपारपर्यंत ड्युरंड रेसिडेन्सी सोडून भोपाळकडे, सिहोरच्या दिशेने निघाला होता आणि रात्री महूची छावणीही उठली. वुडबर्नच्या जागी आलेल्या स्टुअर्टची फौज महूला पोहोचली ती २ ऑगस्टला.

रस्त्यावरच्या माणसांना काय ठाऊक होते, याचा एक साक्षीदार आपल्याकडे आहे: वरसईचे विष्णुभट गोडसे. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून हे भिक्षुक कोकणातून निघाले, आणि महूच्या आसपास पलटणीतल्या शिपायांकडूनच त्यांना येऊ घातलेल्या उठावाची कुणकुण लागली. ‘माझा प्रवास’ हे पुस्तक त्यांनी बऱ्याच वर्षांनंतर आठवणीतून लिहिले आणि ते छापून आले १९०७ मध्ये, चिंतामणराव वैद्यांमुळे. त्यामुळे त्यातल्या तारखा तोलूनच घ्याव्या लागतात. तरी एवढे दिसते की जे जाणून घ्यायला रेसिडेन्सीतून तारा सुटत होत्या, त्यातले बरेचसे धर्मशाळेत ऐकू येत होते. तारेचे मोल उठाववाल्यांनाही पुरते कळले होते. पाव इंचाहून जाड लोखंडी तार तोडून तिचे तुकडे बंदुकीत गोळ्यांसारखे भरल्याचे उल्लेख आहेत. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात नर्मदेच्या दक्षिणेला उतरलेल्या तात्या टोप्यांच्या लोकांनी आग्रा-मुंबई रस्ता ओलांडताना ठिकरी-जुलवानियाच्या टापूत मालाच्या गाड्या लुटल्या, आणि तारही तोडली.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे. ड्युरंडने तुकोजीरावांवर ठपका ठेवला, तो शेवटपर्यंत मागे घेतला नाही. मॅलिसनने आपल्या इतिहासात ड्युरंडची बाजू हिरिरीने मांडली. होळकरांची बाजू जॉन डिकिन्सन या इंग्रजानेच उचलली, आणि त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये इव्हान्स बेलने ते लिखाण प्रसिद्ध केले. या सगळ्या वादात ड्युरंडची बाजू भक्कम वाटते याचे एक साधे कारण आहे. तिच्यामागे तारा आहेत. तारेवर तारीख असते, मजकूर मोजका असतो आणि दोन्ही टोकांना तिची प्रत राहते. दरबाराकडून रेसिडेन्सीत गेलेला तोंडी निरोप असा राहत नाही. तो घेऊन जाणारा कोण, केव्हा निघाला, वाटेत कोणी अडवला, हे सांगायला कागद नाही. महाराज त्या दिवशी रेसिडेन्सीकडे आले नाहीत हे जगाला माहीत आहे. ४ जुलैला ते स्वतः घोड्यावरून बंडवाल्यांपुढे गेले आणि आश्रयाला आलेल्या ख्रिस्ती लोकांना सोपवायला त्यांनी साफ नकार दिला, हे त्या मानाने कमी सांगितले जाते.

म्हणून तारांच्या प्रती पुन्हा पुन्हा उलटण्यापेक्षा मोडी कागदांकडे वळावे, असे मी आपल्या मंडळातल्या मोडी वाचणाऱ्यांना सुचवतो. तेही राजकारणाच्या पत्रांकडे नव्हे, हिशेबाच्या वह्यांकडे. मराठी दरबारी कारभारात जासूद-कासिदांना दिलेली मजुरी आणि शिधा खर्ची पडत असे, आणि खर्च म्हटला की तिथी आलीच. ज्यांच्या घरी जुन्या सरदार-मानकऱ्यांच्या किंवा पेढ्यांच्या चोपड्या अजून आहेत, त्यांनी ज्येष्ठ-आषाढ शके १७७९ ची पाने आधी काढावीत. आषाढ शुद्ध दशमीच्या मागे-पुढे कासिद कुठे पाठवला आणि त्याला काय दिले, एवढीच ओळ शोधायची आहे.