पाना, पंक्चर आणि कोपऱ्यावरचं दुकान

१९१३ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. ‘तूर द फ्रान्स’ ही सायकल शर्यत पिरेनिज पर्वतात पोहोचली होती. यूजीन क्रिस्तोफ हा फ्रेंच स्वार आघाडीच्या गड्यांपैकी एक. तूरमाले घाट उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. त्या वेळी नियम कडक होता. दुरुस्ती ज्याची त्यानं करायची, दुसऱ्याचा हात लागता कामा नये. क्रिस्तोफनं सायकल खांद्यावर टाकली आणि दहाएक किलोमीटर चालत पायथ्याच्या गावातली लोहाराची भट्टी गाठली. लोहार बघत उभा, पंच बघत उभे आणि हा पठ्ठ्या ऐरणीवर आपला चिमटा आपणच जोडतोय! त्यात काही तास गेले. वर एका पोरानं भाता मारायला हात लावला म्हणून पंचांनी दंडही ठोठावला.

ही गोष्ट नेहमी स्वावलंबनाची म्हणून सांगतात. मला मात्र तीत तो लोहार दिसतो. त्यानं हात लावला नाही, पण भट्टी दिली. त्या गावात ती नसती, तर क्रिस्तोफचं कसब काय कामाचं होतं?

हवेच्या टायरची कथाही अशीच आहे. डनलॉपनं १८८८ मध्ये बेलफास्टला हवेचा टायर काढला खरा, पण तो धावेला चिकटवलेला असे. पंक्चर झालं की टायर सोलून काढायचा, ठिगळ लावायचं आणि परत चिकटवून वाळत ठेवायचं. फ्रान्समधल्या मिशलँ बंधूंच्या कारखान्यात १८८९ मध्ये असाच एक सायकलस्वार फाटका टायर घेऊन आला. त्याच्या दुरुस्तीत जो वेळ मोडला, त्यातून सुटा निघणारा टायर सुचला. १८९१ मध्ये पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत झाली. ती शार्ल तेराँनं याच टायरवर बहात्तर तासांच्या आत जिंकली. रस्त्याच्या कडेला बसून स्वतः पंक्चर काढण्याची सोय तेव्हापासूनची. एका गिऱ्हाइकाची अडचण दुकानदारानं कान देऊन ऐकली, म्हणून ती झाली.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. हे एके काळी सायकलींचं शहर होतं, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. त्या काळातलं पेठेतलं सायकलचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. बाहेर तासाच्या भाड्याच्या सायकली, आत तेलकट फळीवर पाने, एका डब्यात छर्रे, एका डब्यात कॉटरपिना. समोर पाण्याचं घमेलं. ट्यूब त्यात बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. हे बघायला गिऱ्हाइकाला कुणी मज्जाव करत नसे. उलट ‘इथं बोट धरा’ असं सांगून कामालाच लावत. आम्ही पंक्चर काढायला, चेन चढवायला, वॉलट्यूब बदलायला असेच शिकलो. वॉलट्यूब म्हणजे हवेच्या तोंडाशी बसणारी बोटभर रबरी नळी. तिचा एक तुकडा खिशात असला, की निम्मी संकटं टळत. उरलेली निम्मी बिनदिव्याच्या सायकलीची. पण चौकात पोलीस दिसला, की उतरून चालायला कुठं पाना लागतो?

दुकानदार पाना सहज देई. ‘न्या, पण जागेवर ठेवा.’ हा उदारपणा परवडायचं एक साधं कारण होतं. सायकल सगळ्यांची एकच होती. १९४९ मध्ये स्थापन झालेली मद्रासची कंपनी असो, सोनिपतची ॲटलास असो की लुधियानाची हीरो, सगळ्यांचा घाट जुन्या इंग्रजी काळ्या सायकलचा. चाक अठ्ठावीस इंची, पुढं ३२ स्पोक, मागं ४०. एकीचा भाग दुसरीला बसे. चाळीसातला एखादा स्पोक तुटला तरी चाक घरापर्यंत नेई.

पुढं १९७२ मध्ये लूना निघाली, मग स्कूटरी, मोटारसायकली. भाड्याच्या सायकली गेल्या, घमेलं राहिलं. त्यात दुसऱ्याच ट्यूबा बुडू लागल्या.

गेल्या पंधराएक वर्षांत सायकल परत आली, पण वेगळ्या रूपात. पुण्या-मुंबईकडे, नाशकात माणसं ‘ब्रेव्हे’ करतात. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, मग तीनशे, चारशे, सहाशे. मागं मदतीची गाडी चालत नाही. वाटेतल्या दुकानात मात्र जाता येतं. कुणालाही खुलं असेल ते आपल्यालाही खुलं. क्रिस्तोफवर झाला त्यापेक्षा हा न्याय मला बरा वाटतो.

पण दुकान कुठलं? हमरस्त्यावरचा पंक्चरवाला रात्री दोनलाही जागा असतो आणि हातात कसब असतं. मात्र बारीक तोंडाच्या वॉल्वला त्याचा पंप बसत नाही. नव्या चाकात स्पोक चोवीस किंवा अठ्ठावीस. एक तुटला की धाव डुलते आणि ब्रेकला घासते. तो बहुधा मागच्या चाकात, दात्यांच्या बाजूलाच तुटतो. दाते उतरवायला वेगळं हत्यार लागतं आणि स्पोकची लांबी मिलिमीटरमध्ये जुळावी लागते. एकदा मी शहरातल्या एका झकपक दुकानात दोन स्पोक मागितले. तिथल्या मुलानं नम्रपणे सांगितलं, ‘काका, सुटे नाही देत. सायकल ठेवून जा, गुरुवारी मिळेल.’ त्याच्याकडे माल होता. मला ना स्पोक मिळाले, ना पाना. स्वतः दुरुस्ती करणारं गिऱ्हाईक म्हणजे त्याला धंदा बुडवणारं वाटलं असावं. खरं तर असंच गिऱ्हाईक वर्षभर छर्रे, ठिगळं, तारा आणि केबली नेत असतं.

शेवटी आमच्या जुन्या दुकानात गेलो. मालक आता सत्तरीचे. त्यांनी तुटका स्पोक पट्टीवर धरला, तीन डबे उपसले आणि जवळपासच्या मापाचे दोन काढून दिले. दाते उतरवायचं हत्यार माझ्याकडं होतं, ते त्यांनी उलटसुलट फिरवून पाहिलं आणि कुठं मिळतं ते विचारलं. चाकाचा आउट त्यांनीच काढला, मला नुसतं धरायला लावून.

परवा त्यांच्या पंपाच्या नळीला दोऱ्यानं बांधलेलं एक चिमुकलं पितळी बोंडूक दिसलं. बारीक वॉल्वसाठी कुणी ब्रेव्हेवाला देऊन गेला म्हणे. हवा मात्र आपली आपणच मारायची.