वर्क फ्रॉम होम कोविडने आणलं नाही!

'सोमवारपासून ऑफिसला या' असा मेल आला की आपल्या ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, घरून काम होतंय की! दुसरी म्हणते, सीनिअरच्या शेजारी बसल्याशिवाय काम शिकणार कसं? दोघांचंही थोडंथोडं खरं आहे. पण हे भांडण कोविडच्या खूप आधीचं आहे.

१९७३ साल. तेलाचं संकट आलं आणि अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. लॉस एंजेलिसमधल्या जॅक निल्स या इंजिनिअरने साधा प्रश्न विचारला: रोज माणसाला कामापर्यंत न्यायचं, त्यापेक्षा कामच माणसापर्यंत नेलं तर? 'टेलिकम्युटिंग' हा शब्द त्याचाच. गंमत म्हणजे, तेव्हा लॅपटॉप नव्हते. म्हणून त्याने एका विमा कंपनीत प्रयोग केला तो घरातून कामाचा नाही, तर घराजवळच्या छोट्या ऑफिसांचा.

घरापर्यंत काम नेलं आयबीएमने. १९७९ मध्ये त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या एका लॅबमध्ये मेनफ्रेमवर इतकी गर्दी व्हायची की पाच जणांच्या घरी टर्मिनल बसवून दिले. १९८३ पर्यंत हा आकडा २,००० च्या आसपास गेला. २००९ मध्ये कंपनी अभिमानाने सांगत होती की आमच्या ४० टक्के लोकांना ऑफिसच नाही. रिकाम्या इमारती विकून, भाड्याने देऊन पैसेही वाचले होते.

आणि २०१७? सलग पाच वर्षं उत्पन्न घसरत होतं. त्याच आयबीएमने मार्केटिंगच्या लोकांना सांगितलं, ठरलेल्या सहा शहरांतल्या ऑफिसात या, नाहीतर नोकरी सोडा.

आपल्याकडेही तेच. टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं, २०२५ पर्यंत फक्त २५ टक्के लोक ऑफिसात लागतील. २०२३ मध्ये पाचही दिवस बोलावणं आलं.

आता नीट बघा. आयबीएमने घरी पाठवलं, कारण मशीन कमी पडत होतं आणि पुढे जागेचे पैसे वाचले. परत बोलावलं, कारण धंदा घसरत होता. दोन्ही वेळा हिशोब कंपनीचा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये किंवा विरार लोकलमध्ये जाणारे आपले दोन तास त्या हिशोबात कुठेच नसतात.

म्हणून पुढच्या मीटिंगमध्ये 'घर की ऑफिस' यावर भांडण्यापेक्षा विचारा: हे ठरवतंय कोण, आणि आपला वेळ कुणाच्या खात्यात धरलाय?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!