घाटवाहतूक, महाड–पोलादपूर परिसरातील

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या महाड व पोलादपूर या तालुक्यांतून घाटमाथ्यावर व दक्षिण कोकणात होणारी माल व प्रवासी यांची ने-आण. रायगड जिल्ह्यातील (१९८१ पर्यंतचे नाव कुलाबा) हे दोन्ही तालुके सावित्री नदीच्या खोऱ्यात वसले असून तेथून तीन प्रमुख घाटरस्ते निघतात : महाडहून भोरमार्गे पुण्याकडे जाणारा वरंधा घाट, पोलादपूरहून महाबळेश्वरास चढणारा आंबेनळी (फिट्‌झजेरल्ड) घाट आणि पोलादपूरहून खेडकडे उतरणारा कशेडी घाट. या वाटांवर ओझे नेण्यासाठी कोणते जनावर अथवा वाहन योग्य, हा प्रश्न प्रत्येक काळात नव्याने उभा राहिला. लमाणांचा बैल, दोन बैलांची गाडी, मालमोटार, जोडट्रेलर आणि अलीकडे फिरते घर ओढणारी भारी पिकअप मोटार ही त्याची क्रमाने आलेली उत्तरे होत. वाहन चढेल काय, यापेक्षा ते सुखरूप उतरेल काय, ही कसोटी मात्र पहिल्यापासून आजपर्यंत कायम राहिली आहे.

पूर्वपीठिका : महाडजवळील गांधारपाले व कोल येथील लेणी या खोऱ्यातून जाणाऱ्या प्राचीन व्यापारी मार्गाची साक्ष देतात. बाणकोटच्या खाडीतून गलबते दासगावपर्यंत व भरतीच्या वेळी लहान होड्या महाडपर्यंत येत. तेथे जलमार्ग संपे आणि घाटवाट सुरू होई. कोकणातून मीठ, सुकी मासळी, नारळ व तांदूळ वर जात, तर देशावरून गूळ, कडधान्ये, मिरची, तेल व तंबाखू खाली येत. ही वाहतूक मुख्यतः लमाण (वंजारी) लोकांच्या बैलांच्या तांड्यांवर चाले. पाठीच्या दोन्ही बाजूंस गोणी लादलेला बैल साधारणपणे शंभर ते सव्वाशे किग्रॅ. ओझे वाही. ओझे अल्प असले, तरी बैलाला रुंद रस्ता लागत नसे, त्याचे चारही पाय स्वतंत्रपणे आधार शोधत आणि एखादा बैल घसरला तरी बाकीचा तांडा सुरक्षित राही. पावसाळ्याचे चार महिने तांडे घाट उतरत नसत. वाहनाच्या निवडीइतकीच प्रवासाच्या काळाची निवड महत्त्वाची आहे, हे व्यवहारज्ञान त्यामागे होते.

घाटाची ही अडचण लष्करी दृष्ट्याही निर्णायक ठरली. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी घेतली व पारघाटावर नजर ठेवणारा प्रतापगड बांधून घेतला. नोव्हेंबर १६५९ मध्ये अफझलखानाचे जड सरंजामाचे सैन्य रडतोंडीच्या घाटाने जावळीच्या खोऱ्यात उतरले. सपाट मुलखात ज्या हत्ती-तोफांचा दरारा होता, त्याच अरुंद उतारावर ओझे ठरल्या. घाटाचे नावच उतरणाऱ्यांची अवस्था सांगणारे आहे.

गाडीरस्त्यांचा काळ : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रिटिश अभियंत्यांनी जुन्या पायवाटांऐवजी चाकांचे रस्ते बांधण्यास सुरुवात केली. पायवाट डोंगराच्या सोंडेवरून सरळ चढे. गाडीरस्ता मात्र वीस फुटांस एक फूट अशा सौम्य चढाने, नागमोडी वळणे घेत न्यावा लागे. त्यामुळे अंतर वाढले, तरी बैलांच्या ताकदीत बसणारा चढ मिळाला. पारघाटाची जागा पुढे ज्या रस्त्याने घेतली, त्याला मुंबईचे गव्हर्नर सर सेमूर फिट्‌झजेरल्ड (कार. १८६७–७२) यांचे नाव देण्यात आले. स्थानिक लोकांत तो आंबेनळी घाट म्हणूनच ओळखला जातो.

दोन बैलांची गाडी चांगल्या रस्त्यावर अर्धा ते एक टन माल ओढी. म्हणजे पाठीवर जेवढे वाहता येते, त्याच्या कित्येक पट ओझे तेच दोन बैल चाकांवर ओढू शकत. या लाभासोबत एक नवा धोका आला. उतारावर गाडीचे वजन बैलांच्या मानेवर येई व गाडीच बैलांना ढकलू लागे. म्हणून गाडीवान चाकाच्या धावेवर लाकूड घासून वेग आवरत. ओढणाऱ्याची ताकद आणि आवरणाऱ्याची ताकद या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथे प्रथम स्पष्ट झाले.

मोटारयुग : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोटारी व मालमोटारी या रस्त्यांवर येऊ लागल्या. महाड-पोलादपूरवरून जाणारा मुंबई–गोवा रस्ता पुढे राष्ट्रीय महामार्ग क्र. १७ झाला. २०१० मध्ये त्यास क्र. ६६ देण्यात आला. स्वातंत्र्योत्तर काळात टाटा (१९५४ पासून मर्सिडीझ-बेंझच्या सहकार्याने) व अशोक लेलँड यांच्या डीझेल मालमोटारींनी घाटातील मालवाहतुकीचे स्वरूप पालटले. डीझेल एंजिन कमी फेऱ्यांवर मोठे परिपीडन (फिरविण्याची प्रेरणा) देते व त्याचे संपीडन गुणोत्तर जास्त असते. त्यामुळे ते चढावर उपयुक्त ठरले. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने उभे राहिल्यावर टाकीवाहने व जोडट्रेलर यांची भर पडली.

कोकण रेल्वे जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण लांबीवर सुरू झाली. महाड व पोलादपूर ही गावे तिच्या मार्गापासून दूरच राहिली. तथापि १९९९ मध्ये रायगड जिल्ह्यातील कोलाड ते गोव्यातील वेर्णे या दरम्यान भरलेल्या मालमोटारीच सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा सुरू झाली. घाट चढण्यासाठी वाहन निवडण्याऐवजी वाहनालाच घाट टाळून नेण्याचा हा मार्ग होय.

पाचवे चाक : जोडट्रेलर ओढणाऱ्या वाहनाच्या पाठीवरील वर्तुळाकार जोडणीस ‘पाचवे चाक’ म्हणतात. हे नाव घोडागाडीवरून आले. चार चाकी घोडागाडीची पुढची चाके वळावीत म्हणून पुढील आसावर एक आडवे लोखंडी कडे बसवीत. चाकासारख्या दिसणाऱ्या या कड्याला ते नाव पडले. डिट्रॉइट येथील लोहार ऑगस्ट फ्रूहॉफ यांनी १९१४ मध्ये एक नाव वाहून नेण्यासाठी फोर्ड मोटारीमागे जोडावयाचा अर्धट्रेलर तयार केला. त्याच सुमारास चार्ल्स मार्टिन यांनी या प्रकारची सुधारित जोडणी प्रचारात आणली. विमानविद्येतील संशोधक ग्लेन कर्टिस यांनी १९२० नंतरच्या दशकात हीच कल्पना राहण्याच्या ट्रेलरसाठी वापरली. उत्तर अमेरिकेत पिकअप मोटारीच्या हौद्यात जोडणी बसवून ओढले जाणारे मोठे फिरते घर ही तिची आजची परिणती होय.

या रचनेत ट्रेलरची खीळ मागील आसाच्या किंचित पुढे अथवा थेट वर टेकते. साध्या ट्रेलरचा दांडा मोटारीच्या मागील टोकाला अडकविलेला असल्याने ट्रेलर डोलू लागल्यास मोटारीचे शेपूट हलते. पाचव्या चाकाच्या जोडणीत भार आसांच्या दरम्यान पडतो व वाहन अधिक स्थिर राहते. मात्र साध्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भाग ओढणाऱ्या वाहनावर येतो, तर या प्रकारात १५ ते २५ टक्के येतो. मोटारीची निवड चुकते ती बहुधा येथेच.

वाहनाची निवड : भारी पिकअप निवडताना प्रथम ओढण्याची क्षमता पाहण्याची प्रथा आहे. वास्तविक पहिला विचार वाहून नेण्याच्या क्षमतेचा करावा लागतो. उदा., ४,००० किग्रॅ. वजनाच्या फिरत्या घराचा २० टक्के भार धरल्यास खिळीवर ८०० किग्रॅ. येतात. चार माणसांचे सु. २८० किग्रॅ., सामान व पाण्याचे १५० किग्रॅ. आणि जोडणीचे ७० किग्रॅ. मिळविल्यास बेरीज १,३०० किग्रॅ. होते. सव्वा टन भारक्षमतेची पिकअप हे घर कदाचित ओढून चढवील, पण तिचा मागील आस व टायर मर्यादेबाहेर गेलेले असतील. म्हणून भरलेल्या वाहनाचे कमाल वजन, प्रत्येक आसावरील कमाल भार आणि वाहन व ट्रेलर यांचे एकत्रित कमाल वजन हे तीन आकडे उत्पादकाच्या पाटीवरून स्वतंत्रपणे पडताळावे लागतात. भार अधिक असेल, तेव्हा मागील आसाच्या प्रत्येक बाजूस दोन चाके असलेले वाहन श्रेयस्कर ठरते. ट्रेलरचे वजन कोऱ्या स्थितीतील न धरता सामानासह काट्यावर प्रत्यक्ष तोलून धरावे.

दुसरा विचार उताराचा. महाबळेश्वरची उंची सु. १,३७० मी. असून पोलादपूर समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही. पाच टनांची जोडी आंबेनळी घाटाने १,२०० मी. खाली उतरते, तेव्हा सु. ५९ मेगॅजूल ऊर्जा कोठेतरी मुरवावी लागते. या उष्णतेने साधारण तापमानाचे सु. १७५ लि. पाणी उकळबिंदूस पोहोचेल. पायाच्या गतिरोधकांवर सर्व भिस्त ठेवल्यास ते तापतात, त्यांचे घर्षण कमी होते आणि अखेरीस ते निकामी होतात. म्हणून चढाला जे दंतचक्र लावले, त्याच अथवा त्याहून खालच्या दंतचक्रात घाट उतरावा, हा चालकांमधील जुना नियम आहे. डीझेल वाहनात निष्कास वायूंचा मार्ग रोधून एंजिनाकडूनच वेग आवरण्याची सोय असावी. ट्रेलरला स्वतःचे गतिरोधक आणि जोडणी तुटल्यास ते आपोआप लागण्याची व्यवस्था असणे अत्यावश्यक आहे.

तिसरा विचार वळणाचा. ट्रेलरची चाके ओढणाऱ्या वाहनाच्या चाकांच्या माग न धरता वळणाच्या आतील बाजूस सरकतात. ट्रेलर जितका लांब, तितके हे सरकणे अधिक. आंबेनळी व वरंधा घाटांतील चिमट्यासारख्या वळणांवर आत डोंगर व बाहेर दरी असल्याने लांब ट्रेलर समोरची सर्व जागा व्यापतो. आखूड हौद्याच्या पिकअपमध्ये तर तीव्र वळणावर ट्रेलरचा कोपरा चालककक्षावर आदळू शकतो. यासाठी लांब हौदा अथवा मागे सरकणारी जोडणी लागते.

अमेरिकन पद्धतीच्या सर्वांत भारी पिकअप भारतात सर्रास मिळत नाहीत. येथील पिकअप साधारणतः एक ते दोन टन माल वाहण्यासाठी बनविलेल्या असतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये फिरत्या घरांतून पर्यटनासाठी धोरण जाहीर केले. सह्याद्रीच्या अरुंद घाटांचा विचार करता एकाच सांगाड्यावर बांधलेले आटोपशीर फिरते घर अथवा हलका ट्रेलर या भागास अधिक अनुरूप आहे.

रस्ता आणि भार : वाहन जसजसे जड होत गेले, तसतसा ताण जनावराच्या मानेवरून यंत्रावर, आणि यंत्रावरून रस्त्यावर व डोंगरावर सरकला. जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एका आसावरील अनुज्ञेय भार १०·२ टनांवरून ११·५ टनांवर नेण्यात आला. नव्या रस्त्यांना हा भार पेलतो. जुने पूल व भराव यांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल महापुरात कोसळून दोन एस. टी. बसगाड्या व अन्य वाहने वाहून गेली. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात सहलीची बस दरीत कोसळून एक जण वगळता सर्व प्रवासी मृत्युमुखी पडले. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक लोक दगावले. त्याच पावसात आंबेनळीचा रस्ता अनेक ठिकाणी खचला व वाहतूक दीर्घकाळ बंद राहिली.

कशेडी घाटास पर्याय म्हणून खोदलेले जोडबोगदे २०२३ पासून टप्प्याटप्प्याने वापरात आले. त्यांमुळे महामार्गावरील जड वाहनांना चढ व वळणे टाळता येतात. आंबेनळी व वरंधा घाटांना असा पर्याय नाही. तेथे पावसाळ्यात जड वाहनांस वेळोवेळी बंदी घालण्यात येते. अनेक चालक ती गैरसोय समजतात. वस्तुतः चार महिने घाट न उतरणाऱ्या लमाणांचा तो जुनाच नियम होय, आणि सर्वांत सक्षम वाहन हाती असतानाही तो पाळावा लागतो.