नीरम-पाण्याच्या नोंदवहीची कुळकथा

रिकामे जहाज लाटांवर कलंडू नये आणि त्याचा पंखा पाण्याबाहेर येऊ नये म्हणून त्याच्या तळाशी जे वजन भरले जाते, त्याला नीरम म्हणतात. शिडाच्या गलबतांवर हे काम दगड-वाळूकडे होते आणि ती चढवण्या-उतरवण्यात माणसांचे श्रम व बंदरातले दिवस दोन्ही खर्ची पडत. लोखंडी जहाजे आणि वाफेचे पंप आल्यावर ही जागा समुद्राच्या पाण्याने घेतली, आणि इंग्लंडमधील जॅरो येथे १८५२ मध्ये बांधलेले ‘जॉन बोवेस’ हे कोळसावाहू जहाज त्याच्या आरंभीच्या उदाहरणांपैकी एक होय. सोय मोठी झाली. परंतु एका बंदरात घेतलेल्या पाण्याबरोबर तिथले डिंभ, शैवाले आणि जिवाणूही दुसऱ्या बंदरात उतरू लागले. १९०३ मध्ये उत्तर समुद्रात एक आशियाई शैवाल एकाएकी मुबलक दिसले, तरी या वाहतुकीची हिशेबवही ठेवण्याची निकड जगाला वाटली ती १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत पट्टेरी शिंपला सापडल्यानंतर.

मुंबईला हा प्रश्न परका नव्हता. कॅरिबियन परिसरातला एक शिंपला भारतीय बंदरांत नव्याने आल्याची नोंद करंदे आणि मेनन यांनी १९७५ मध्ये केली होती. तो जहाजाच्या नीरम-टाकीतून आला की बुडाला चिकटून, हे अशा प्रकरणी सहसा सांगता येत नाही, आणि नोंदीचे महत्त्व नेमके तिथेच आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एक कागदी अर्ज सुचवला: कोणत्या टाकीत, कोणत्या बंदरातून, कोणत्या दिवशी, किती पाणी घेतले आणि ते कुठे सोडले. पुढे आलेल्या स्वयंचलित देखरेखीचे मूळ या साध्या रकान्यांत आहे. नीरम-पाण्याच्या प्रश्नावर २००० साली सुरू झालेल्या ‘ग्लोबॅलास्ट’ कार्यक्रमासाठी जगातील सहा ठिकाणे निवडली गेली, त्यांत मुंबई होती. तेव्हा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबई आणि जवाहरलाल नेहरू या दोन्ही बंदरांतील सजीवांची पाहणी केली. अर्जांतील माहिती संगणकीय नकाशांशी जोडून, ज्या बंदरांचे हवापाणी मुंबईशी जुळते तिथून आलेले पाणी अधिक धोक्याचे, असे गणित मांडण्यात आले. अर्ज अपुरे भरलेले असत, म्हणून ते बंदराच्या दफ्तराशी ताडून पाहावे लागत; यंत्रावर भरवसा ठेवण्याची ओढ या अपुऱ्या हस्ताक्षरांतून वाढली, असे मानण्यास जागा आहे.

सागरी संघटनेच्या २००४ च्या नीरम-पाणी करारानुसार प्रत्येक जहाजाला नीरम-पाण्याची नोंदवही आणि व्यवस्थापनाचा आराखडा बंधनकारक झाला, पण करार अमलात आला तो ८ सप्टेंबर २०१७ रोजी. पूर्वी भर समुद्रात पाणी बदलणे पुरत असे. आता ते सोडण्यापूर्वी शुद्ध करावे लागते, आणि पन्नास मायक्रॉन वा त्याहून मोठे जिवंत सजीव घनमीटरमागे दहापेक्षा कमी असावे लागतात. त्यासाठी गाळणी आणि पुढे अतिनील प्रकाश किंवा समुद्राच्या मिठापासून विजेने तयार केलेला क्लोरिन अशी जोडी बसवतात. प्रवाहमापक, टाकीतील पातळी मोजणारा संवेदक आणि जहाजाचे उपग्रहाने मिळणारे स्थान एकत्र आले, की झडप कोणत्या अक्षांश-रेखांशावर उघडली, किती घनमीटर पाणी गेले, क्लोरिनचा अंश किती उरला, हे हात न लावता नोंदले जाते. शुद्धीकरण यंत्रणेच्या नियंत्रकाने अशा नोंदी किमान २४ महिने जपून ठेवाव्या लागतात. मुंबईसारख्या गाळाच्या बंदरात मात्र गाळणी तुंबते, आणि यंत्रणेला वळसा घालून पाणी आत घेतले तर तीही घटना वहीत उतरते.

१ ऑक्टोबर २०२५ पासून ध्वजराष्ट्राने, म्हणजे जहाज ज्या देशात नोंदलेले आहे त्याने, मान्य केलेली इलेक्ट्रॉनिक वही कागदाच्या जागी चालते. पाणी कुठले, केव्हाचे, किती, याचे उत्तर ती चोख देते. त्यात जिवंत काय उरले, हे मात्र अद्याप नमुना घेऊन तपासल्याशिवाय ठरत नाही.