48 केबीतला फुटबॉल



शनिवारी सकाळी मॉरिसव्हिलमधल्या बऱ्याच मराठी घरांत एकच धांदल असते: शिनगार्ड कुठंय? मैदानावरून आलं की तीच मुलं पडद्यावर पुन्हा सॉकर खेळतात. मग एक दिवस म्हणतात, "बाबा, मला गेम बनवायचाय." आमच्याकडे गेल्या आठवड्यात हे झालं. मी म्हटलं, "आधी गणित पूर्ण कर." वर हेही ऐकवलं की फोर्टनाइटवाली कंपनी इथं शेजारीच, कॅरीमध्ये आहे, तिथं एका गेममागे केवढी माणसं राबतात, तू एकटा काय करणार?

रात्री चुटपुट लागली. कारण एकट्यानं केलेल्या एका फुटबॉल गेमची गोष्ट मला चांगली माहीत होती.

इंग्लंडमधले केव्हिन टॉम्स. नोकरी प्रोग्रॅमरची, वेड फुटबॉलचं. संघ चालवण्याचा बोर्ड गेम ते आधीपासूनच घरी करून बघत होते. घरात कॉम्प्युटर आल्यावर लक्षात आलं की ही सगळी आकडेमोड यंत्रच करेल. 1982 मध्ये त्यांचा 'फुटबॉल मॅनेजर' आला, तोही कॅसेटवर, मासिकात जाहिरात देऊन विकलेला. पुढे तो झेडएक्स स्पेक्ट्रमवर गाजला. या स्पेक्ट्रमची मेमरी 48 केबी. तुमच्या फोनमधल्या 3 एमबीच्या एका फोटोत अशी साठेक यंत्रं मावतील!

एवढ्यात 22 खेळाडू पळवायचे कसे? टॉम्सनी ते पळवलेच नाहीत. तुम्ही मॅनेजर. प्रत्येक खेळाडूला कौशल्याचा एक आकडा, दमाचा एक. खेळवला की दम कमी होतो, बसवला की भरून येतो. सुरुवात चौथ्या डिव्हिजनमधून, बँकेत पैसे बेताचेच. मॅचमधली फक्त गोलाच्या तोंडाशी आलेली चढाई दिसायची, तीही काड्यांच्या माणसांची. चेंडू जाणार की नाही, एवढ्यावर पोरं श्वास रोखून बसत. मला यातली खरी हुशारी हीच वाटते: काय दाखवायचं नाही, हे त्यांना कळलं होतं.

आणि गेम बेसिकमध्ये लिहिलेला होता. म्हणजे चालू गेम थांबवायचा, लिस्ट म्हणायचं, की सगळा प्रोग्रॅम डोळ्यांसमोर. बँकेतली रक्कम वाढवणारी पोरं होतीच! पण ती ओळ शोधायला आधी वाचावी लागायची ना. भारतातही 1986 पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस विकला. कुणाच्या घरी होता का? टीव्हीला जोडायचा, कॅसेटची ती किंचाळी ऐकत बसायचं.

इथल्या फुटबॉलची तऱ्हा वेगळी. जॉन मॅडन हटून बसले की संघात 11 खेळाडू नसतील तर ते फुटबॉलच नव्हे. ॲपल टू या यंत्राला ते झेपेना. 1984 मध्ये बोलणी सुरू झाली, गेम आला थेट 1988 मध्ये. तेही खरंच. पण घरी सांगायला मला टॉम्स बरे वाटले.

रविवारी आम्ही पुठ्ठा, फासे आणि वही घेऊन बसलो. लेकानं आजोळच्या सांगलीला चौथ्या डिव्हिजनमध्ये टाकलं. मी जोरदार हरकत घेतली. "बाबा, मग वर कसं चढणार?"

सांगली सध्या तिसऱ्या नंबरवर आहे, गोलकीपर दमलाय. गणिताची वही त्यातच भरली.